आकडा नऊच्या वर गेला, म्हणजे निद्रानाश झाला का?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी शिकवते. पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगतो. निद्रानाशाची सात प्रश्नांची प्रश्नावली मुलांकडून भरून घ्यायचा विचार आहे. कितीच्या वर काळजी करायची?
— एक शिक्षिका

उत्तर : प्रश्नावली जरूर घ्या, पण ती चाळण आहे, निदान नव्हे. तुम्ही म्हणता ती इन्सॉम्निया सिव्हिरिटी इंडेक्स. सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण २८. झोप लागायला त्रास, मध्येच मोडणे, पहाटे लवकर जाग येणे, झोपेबद्दलचं समाधान, दिवसाच्या कामावर परिणाम, तो इतरांच्या लक्षात येणे आणि स्वतःला वाटणारी काळजी. सगळं मागच्या दोन आठवड्यांबद्दल. मोठ्या माणसांत १५ पासून पुढे मध्यम ते तीव्र निद्रानाश धरतात. किशोरवयीन मुलांसाठी हाँगकाँगमधल्या २०११ च्या अभ्यासात मात्र ९ ही रेषा योग्य ठरली. शाळेत चाळणी लावायची तर ९ धरा.

चुका बहुतेक भरतानाच होतात. पहिल्या प्रश्नाचे तीन उपभाग असतात. त्यांची सरासरी काढू नका, तिन्ही वेगवेगळे मोजायचे. समाधानाच्या प्रश्नात ० म्हणजे अगदी समाधानी आणि ४ म्हणजे अजिबात नाही. जास्त मार्क म्हणजे चांगलं, ही सवय मुलांच्या हाडीमाशी खिळलेली असते, त्यामुळे शांत झोपणारा मुलगाही तिथे चार ठोकतो. म्हणून ‘गुण’ म्हणू नका, ‘आकडा’ म्हणा, आणि हा एक प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवा. रिकामी जागा शून्य धरू नका. त्या मुलाला बोलावून विचारा.

भाषांतर स्वतः करू नका, रीतसर झालेलंच वापरा. ‘झोप येत नाही’ आणि ‘झोप लागत नाही’ यांत फरक आहे. पहिल्यात मुलाला झोप हवीशीच वाटत नाही. दुसऱ्यात अंथरुणावर डोळे मिटून तो तासभर तळमळतो. कन्नड माध्यमात शिकणाऱ्या पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना, कोणत्या भाषेतला कागद सोपा जाईल, हे आधी विचारा.

वेळही पाहा. बेळगावात विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्यानंतरच्या पंधरवड्यात आकडे फुगणारच. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या, तोंडावरही नको.

आता खरी गोम. समजा दोन मुलांचा आकडा ११ आला. एक रात्री एकपर्यंत जागतो, बससाठी साडेपाचला उठतो आणि रविवारी दहापर्यंत गाढ झोपतो. दुसरी साडेदहाला दिवा मालवते, पण साडेबारापर्यंत टक्क जागी, रविवारीसुद्धा. पहिल्याला झोपायला वेळच मिळत नाही, किंवा त्याचं शरीराचं घड्याळ उशिराचं आहे; या वयात ते पुढे सरकतंच. निद्रानाशाचा संशय दुसरीच्या बाबतीत घ्यायचा. दोघांतला हा फरक एकूण आकड्यात दिसत नाही. म्हणून कागदाच्या तळाशी चार ओळी वाढवा : शाळेच्या दिवशी किती वाजता दिवा मालवतोस, किती वाजता उठतोस, आणि रविवारी हेच दोन. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, हे त्या ओळींशी ताडून पाहा.

कागद नावासकट घ्या, म्हणजे त्या मुलाशी बोलता येईल. पण बाकांमध्ये अंतर ठेवा आणि गठ्ठा कुलपात ठेवा.

प्रश्न : मुलगी पीयूसी फर्स्ट इयरला (अकरावीला) आहे. तिचा आकडा १३ आला. मेडिकलमधून झोपेची गोळी आणू का?
— एक पालक, निपाणी

उत्तर : आणू नका. आधी दोन आठवडे झोपेची वही ठेवा : कधी आडवी झाली, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठली, सकाळी कधी उठली. चहा-कॉफीची वेळही लिहू द्या. आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त, तीन महिने हा त्रास असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. घोरणं, पायांत रात्री होणारी वळवळ, उदासी हे त्यांना आपणहून सांगा. पायांच्या वळवळीमागे लोहाची कमतरता असू शकते. निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नव्हे, वागणूक आणि विचार बदलण्याच्या समुपदेशनाचा असतो. तोवर उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवा.

जगावंसं वाटत नाही असं ती म्हणाली, तर वही राहू द्या. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.