वाचक विचारतात : ओढणारा चंद्र फट मोकळी कशी ठेवतो?

प्रश्न : शनीच्या कड्यांतल्या एका फटीत डॅफ्निस नावाचा चिमुकला चंद्र फिरतो आणि कण ढकलून ती फट मोकळी ठेवतो, असं वाचलं. गुरुत्वाकर्षण तर ओढतं, मग ढकलतो कसा? माझ्या ८ इंची दुर्बिणीतून तो दिसेल का?

उत्तर : तो ओढतोच, कण दूर जातात ते त्या ओढीमुळेच.

ही कीलर फट ‘अ’ कड्याच्या, म्हणजे शनीच्या मुख्य कड्यांतल्या सर्वांत बाहेरच्या कड्याच्या, बाहेरच्या काठाशी आहे, रुंदी साधारण ४० किलोमीटर. तिच्यातला डॅफ्निस जेमतेम ८ किलोमीटरचा, शनीभोवतीची फेरी सुमारे १४ तासांची. शनीच्या जवळचा कण जास्त वेगाने फिरतो, म्हणून आतल्या काठावरचे कण डॅफ्निसला मागे टाकतात. त्याच्या शेजारून जाताना त्यांची वाट किंचित त्याच्याकडे वळते. म्हणजे येताना होते त्याहून जाताना ते जवळ असतात, आणि मागे खेचणारी ओढ वरचढ ठरते. त्यात कण ऊर्जा गमावून शनीकडे सरकतो. बाहेरच्या काठावर उलट : तिथले कण हळू, डॅफ्निस त्यांच्या पुढे निघून जातो, त्यांना पुढे खेचतो आणि ते बाहेर सरकतात. पण एवढ्याने भागत नाही. कणांची आपसातली टक्कर नसती, तर पुढच्या भेटींत हा हिशेब बहुतेक फिटला असता. टकरींमुळे वळलेली वाट पुन्हा गोल होते आणि सरकणं कायम राहतं. लोकप्रिय लेखांत नेमकं हेच गाळलेलं असतं.

याच ओढीने काठांवर लाटा उठतात. आतल्या काठावर चंद्राच्या पुढे, बाहेरच्या काठावर मागे. दोन लाटांमधलं अंतर काढायचं तर चंद्र ते काठ हे अंतर घ्या आणि त्याला ३ गुणिले पायने (π, सुमारे ३.१४) गुणा. फटीच्या निम्म्या रुंदीला, म्हणजे २० किलोमीटरला, उत्तर येतं सुमारे १९० किलोमीटर. डॅफ्निसची कक्षा किंचित कललेली असल्याने लाटा उभ्याही उठतात. ऑगस्ट २००९च्या सुमारास शनीवर विषुवदिन होता, ऊन कड्यांना जवळजवळ समांतर पडत होतं. तेव्हा कॅसिनी यानाने टिपलेल्या सावल्यांवरून काही लाटांची उंची दीड किलोमीटरच्या घरात निघाली. कड्याची जाडी मात्र दहाएक मीटर!

दुर्बिणीचं म्हणाल, तर नाही. पृथ्वीवरून ही फट एका विकलेच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) शंभराव्या भागाहूनही बारीक. ८ इंची दुर्बीण अर्ध्या विकलेपाशी अडते. चंद्र तर फटीहूनही लहान. कॅसिनी विभाग, म्हणजे कड्यांमधली मोठी काळी फट, मात्र दिसेल. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, शनी आकाशात उंच येऊ द्या आणि १५० ते २०० पट वर्धन वापरा. मार्च २०२५मध्ये कडी आपल्याला कडेने दिसत होती. २०३२पर्यंत ती उघडत जातील, तेव्हा दरवर्षी काम सोपं होईल.