वाचकांचे प्रश्न: दहा हजार पावलांचं खूळ

प्रश्न: ताई, माझे मिस्टर मागच्या वर्षी रिटायर झाले. लेकाने पावलं मोजणारं घड्याळ दिलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दहा हजार झाल्याशिवाय झोपत नाहीत, रात्री अकराला डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या चालू, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारलं की एवढं काय शोधता हो रात्रीचं. गुडघा दुखतोय तरी ऐकत नाहीत. दहा हजार खरंच लागतात का? आणि मी दिवसभर घरात राबते ते व्यायामात धरायचं का? त्यांच्या मते नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी त्या काकूंना माझा नमस्कार सांगा. दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही हो. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, लोकांना फिटनेसची हवा लागली, आणि पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, नाव मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, ऐकायला बरा, चिकटला तो चिकटलाच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास आला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला २७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७५०० नंतर आणखी चालून फरक पडेना. तुमचे मिस्टर बाई नाहीत हे मला कळतं, पण दुखऱ्या गुडघ्याने रात्री अकराला शेवटची आठशे पावलं ओढण्यात काही पुण्य नाही एवढं नक्की. गुडघा आधी दाखवून घ्या.

त्यापेक्षा वेळ बदला म्हणावं. जेवून हात धुतले की लगेच टीव्हीसमोर न बसता दहा-पंधरा मिनिटं गच्चीत नाहीतर सोसायटीच्या आवारात, सावकाश. जेवल्यावर रक्तातली साखर चढत असते, तेव्हा पायाचे स्नायू हलते असले की ते ती ओढून घेतात. आपल्याकडे याला शतपावलीच म्हणतात, दशसहस्रपावली असा शब्द मी तरी ऐकलेला नाही.

आता तुमचं. १९५३ मध्ये लंडनला जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने डबलडेकरवाल्यांचा अभ्यास छापला. बस तीच, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर वर-खाली, वर-खाली. हार्टचा आजार कंडक्टरांना कमी निघाला, आणि ते काही जिमला जात नव्हते. तेव्हा फरशी पुसणं, भरलेल्या पिशव्या घेऊन जिना चढणं, दम थोडा वाढतो असं सगळं खुशाल धरा, पोळ्या लाटणं मात्र नाही धरता येणार, सॉरी.

पण एक गोष्ट तुम्ही दोघंही करत नाही असं पत्रावरून वाटतं, ताकदीचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं चालणं वगैरे सांगते आणि शिवाय दोन दिवस स्नायूंसाठी, ते शिवाय सगळे विसरतात. हात छातीशी बांधून साध्या खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा (गुडघा दाखवून झाल्यावर हं). मी करून बघितलं तर सातव्याला टेबल धरलं, खोटं कशाला सांगू. आणि मिस्टरांना घड्याळ घालूनच पाच किलोचं दळण आणायला पाठवा, पावलंही होतील.

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, उंची ५ फूट ७, वजन ६१ किलो. वडिलांना डायबेटीस आहे म्हणून आई शुगर चेक कर म्हणून मागे लागलीय. ऑफिसमध्ये सगळे म्हणतात तुला काय टेन्शन, काडी आहेस. (पुणे)

उत्तर: पुण्यातच राहता ना, मग तुमच्याच गावचं ऐका. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, सेम, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! दिसायला बारीक पण आत चरबी, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, म्हणून नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका. बरगड्यांची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, पोट आत न ओढता. आपल्या पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात. टेप काहीही म्हणो, वडिलांना आहे म्हटल्यावर शुगर तपासाच, आईचं बरोबर आहे.

प्रश्न: सासऱ्यांनी जन्मभर बिडी ओढली आणि ८९ व्या वर्षी गेले. नवरा आता पन्नाशीचा, सिगारेट सोड म्हटलं की हाच दाखला देतो. (अलिबाग)

उत्तर: ब्रिटनमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षं डॉक्टरांच्याच सवयींची नोंद ठेवली, सिगारेटवाले सरासरी दहा वर्षं आधी गेले. पन्नाशीत सोडली त्यांना त्यातली सहाएक वर्षं परत मिळाली, साठीत सोडली त्यांना तीन. हे ऐकून नवरा हलणार नाही म्हणा. त्याला एवढंच विचारा की सासऱ्यांबरोबर कट्ट्यावर बिडी ओढायला कोण कोण बसायचं, एकेकाचं नाव घेऊन सांग, आणि कोण कितव्या वर्षी गेलं तेही.