‘समजतं सगळं, पण पेपरात आठवत नाही’

पालकांच्या भेटीत सध्या एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत समोर येतो. मूल हुशार आहे, विचारले तर सगळे समजले असे सांगते, अभ्यासाचे व्हिडिओही मन लावून बघते, आणि तरीही परीक्षेत अर्धा पेपर कोरा ठेवून येते. लहानपणापासून हातात मोबाइल असल्यामुळे त्याची बुद्धीच अशी घडली आहे का, आणि तसे असेल तर आता ती सुधारेल का? या प्रश्नामागे नुसती गुणांची काळजी नसते. ते यंत्र आपणच मुलाच्या हातात दिले ही टोचणी त्यामागे असते, आणि ती बोलून दाखवायला पालकांना बराच वेळ लागतो. अशाच एका मुलीबरोबरच्या कामाचा अनुभव, तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने व ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे मांडत आहे.

मुलगी नववीत होती. सातवीपर्यंत गणित आणि विज्ञान हे तिचे आवडते विषय. पुढच्या दोन वर्षांत मात्र गुण हळूहळू घसरत गेले होते. आई म्हणाली, “ती टाळाटाळ करत नाही हो. रोज संध्याकाळी तीन तास टॅबसमोर बसलेली असते, आणि खरोखर अभ्यासाचंच बघत असते. मी मागे उभी राहून पाहिलंय.” वडिलांचे मत ठाम होते. “मॅडम, या पिढीची एकाग्रताच संपली आहे. मोबाइल, टॅब सगळं काढून घेतलं की आठवड्यात फरक दिसेल.” मुलगी दोघांच्या मध्ये मान खाली घालून बसली होती. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला समजतं सगळं. पेपर समोर आला की काहीच आठवत नाही. मी ढ आहे बहुतेक.” शेवटचे वाक्य तिने इतक्या सहजपणे उच्चारले की आईने चमकून तिच्याकडे पाहिले.

पुढच्या भेटीत मी तिला एकटीला बोलावले आणि तिच्याच पाठ्यपुस्तकातले त्रिकोणांच्या एकरूपतेवरचे एक उदाहरण सोडवायला दिले. तिने ते दोनदा वाचले, आकृती स्वच्छ काढली, समान बाजूंवर खुणा केल्या, आणि तिथे पेन थांबले. अर्धे मिनिटही गेले नसेल, तिचा डावा हात टेबलावरून सरकत एरवी मोबाइल असतो त्या जागी गेला. मोबाइल तिथे नव्हता, तो बाहेर आईकडे होता. हात मागे घेऊन ती म्हणाली, “हे मी परवाच पाहिलंय. यात मध्ये एक रेषा काढतात. कुठली ते आठवत नाही.” मी विचारले, “आठवत नसेल तर शोधून काढता येईल का?” तिला प्रश्नाचा रोख कळला नाही. “म्हणजे अंदाजानं?” असे तिने विचारले.

त्या एका उत्तरातून मला तिची अडचण बरीचशी उलगडली. तिच्या लेखी दोनच शक्यता होत्या: एखादी गोष्ट येत असते, नाहीतर ती बघून घ्यायची असते. या दोहोंच्या मध्ये जो काळ असतो, ज्यात माणूस चाचपडतो, एक वाट धरून पाहतो, खोडतो, पुन्हा आकृतीकडे वळतो, तो काळ तिच्या अभ्यासातून जवळजवळ नाहीसा झाला होता. आळस हे त्याचे कारण नव्हते. अडले की काही सेकंदांत उत्तर समोर येते, अशा जगातच ती वाढली होती आणि अडलेले राहण्याची वेळ तिच्यावर फारशी आलीच नव्हती. तंत्रज्ञानात वाढण्याचा शिक्षणावर जो परिणाम मला माझ्या कामात सर्वाधिक दिसतो, तो हाच आहे. पडद्यासमोर किती तास गेले याची चर्चा खूप होते, पण अडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत मूल काय करते इकडे घरात कोणाचेच लक्ष नसते.

व्हिडिओ पाहून ‘समजले’ असे वाटणे हे खोटे बोलणे नव्हे, ही गोष्ट आईवडिलांना समजावून सांगणे फार आवश्यक होते. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना मूनवॉकसारखी नृत्याची चाल किंवा डार्ट फेकण्याची कृती दाखवणारे व्हिडिओ पाहायला दिले होते. ज्यांनी तो व्हिडिओ अनेकदा पाहिला त्यांना आपल्याला ते जमेल असा विश्वास अधिक वाटू लागला. प्रत्यक्षात करायला सांगितल्यावर मात्र त्यांची कामगिरी एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही. कुशल शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवतो तेव्हा त्याची प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून आपोआप निघाल्यासारखी भासते, आणि ती सहजता आपलीच आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो.

मुलीला मी दुसऱ्या एका प्रयोगाचे आकडे कागदावर लिहून दाखवले. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये केलेल्या या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तितके लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटे झाले: वाचणारे ४० टक्क्यांवर आले, लिहून काढणारे ६१ टक्क्यांवर राहिले. ती त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी रोज पाच मिनिटांनंतरचा आकडा बघत होते.” इतक्या नेमकेपणाने मलाही ते सांगता आले नसते. आपण ढ नाही, आपली अभ्यासाची पद्धत आपल्याला चुकीचा अंदाज देत होती, हे कळल्यावर तिचा चेहरा स्पष्टपणे सैलावला.

एकाग्रता संपल्याच्या वडिलांच्या मताचे उत्तर मला तिच्याकडूनच मिळाले. मोकळ्या वेळात काय करतेस, या साध्या प्रश्नावर तिने संकोचत टॅबवर स्वतः केलेली छोटी ॲनिमेशने दाखवली. त्यांतल्या एकात तारेवर बसलेला पक्षी उडतो, एवढेच होते. एका सेकंदासाठी तिने बारा चित्रे काढली होती, आणि पंख पहिल्यांदा खाली येण्याचा क्षण जड वाटत होता म्हणून तेवढाच भाग अनेक संध्याकाळी पुन्हा पुन्हा काढला होता. पक्षी उडण्याआधी किंचित खाली दबतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. खिडकीतून पक्षी पाहून तिने ते हेरले होते आणि मग आपल्या चित्रांत दोन चौकटींची भर घातली होती. मी विचारले, “इथे अडलीस तेव्हा उत्तर का शोधलं नाहीस?” ती म्हणाली, “इथे उत्तर कोणाकडे असणार? माझा पक्षी आहे तो.”

चाचपडण्याची, चुकण्याची आणि चिकाटीने पुन्हा करून पाहण्याची क्षमता या मुलीत शाबूत होती, आणि तीही त्याच यंत्रावर, ज्याने तिची एकाग्रता गिळली असा वडिलांचा समज होता. पुढच्या संयुक्त भेटीत मी तिला ते ॲनिमेशन वडिलांना दाखवायला सांगितले. त्यांनी ते तोवर पाहिलेच नव्हते. संपूर्ण पिढीबद्दल सरसकट विधान करण्याचा मोह दोन्ही बाजूंनी होतो: एक बाजू म्हणते, ही मुले बिघडली, दुसरी म्हणते, ही मुले तंत्रज्ञान जन्मतःच घेऊन आली आहेत. शिक्षणविषयक लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये ‘डिजिटल नेटिव्ह’ (डिजिटल जगातच वाढलेली पिढी) ही संज्ञा रूढ केल्यापासून हा दुसरा समज फार पसरला. पण २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत आठवीतील विद्यार्थ्यांची संगणक आणि माहिती हाताळण्याची क्षमता तपासली, तेव्हा सर्वोच्च पातळी फक्त २ टक्के विद्यार्थ्यांनी गाठली. यंत्र सराईतपणे चालवता येणे आणि त्याच्या मदतीने शिकता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट शिकवावीच लागते.

आम्ही जे ठरवले ते अगदी साधे होते. नवे उदाहरण समोर आले की पहिली दहा मिनिटे स्वतः प्रयत्न करायचा, मग तो चुकला तरी चालेल. नेमके कुठे अडले ते वहीच्या समासात एका वाक्यात लिहायचे, आणि त्यानंतर व्हिडिओतला फक्त तेवढाच भाग पाहायचा. टॅब बंद करून ते उदाहरण कोऱ्या कागदावर सुरुवातीपासून सोडवायचे आणि दुसऱ्या दिवशी काहीही न पाहता पुन्हा करायचे. या वेळात मोबाइल दुसऱ्या खोलीत राहील हे तिने स्वतःच सुचवले. त्याला आधारही आहे: सूचनेचा नुसता आवाज किंवा कंप आला आणि मोबाइल हातात घेतलाही नाही, तरी लक्ष लागण्याची कामगिरी घसरते, असे २०१५ मधील एका प्रयोगात दिसले आहे. झोपेच्या आधीचा तास पडद्याविना घालवायचा, हेही ठरले.

समासातली ती वाक्ये मला फार मोलाची वाटतात. सुरुवातीला ती नुसते ‘समजलं नाही’ असे लिहीत असे. काही काळाने तिथे ‘कोणते दोन त्रिकोण घ्यायचे ते ठरत नाही’ असे येऊ लागले, आणि पुढे ‘त्रिकोण मिळाले, पण तिसरी अट सापडत नाही’. अडचण इतक्या स्पष्ट शब्दांत मांडता आली की निम्मी उदाहरणे व्हिडिओ न पाहताच सुटत होती.

सुरुवातीचे आठवडे मात्र कठीण गेले. आईचा फोन आला, “पूर्वी एका संध्याकाळी सहा उदाहरणं व्हायची, आता दोन होतात, आणि ती चिडचिड करते. आपण उलट्या दिशेनं तर चाललो नाही ना?” हा टप्पा बहुतेक मुलांच्या बाबतीत येतो आणि बहुतेक घरे इथेच माघार घेतात. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटत होते, पण चाचणीत त्यांचेच गुण जास्त होते. ओघवते व्याख्यान ऐकलेल्यांची भावना आणि गुण यांचा संबंध नेमका उलटा होता. मी आईला हे सांगितले आणि धीर धरायची विनंती केली. शिकताना वाटणारा जडपणा हे अपयशाचे लक्षण मानू नये, हे मुलांइतकेच पालकांनाही पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मध्येच एक नवी अडचण उभी राहिली. वर्गमैत्रिणीने तिला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एक ॲप दाखवले. प्रश्नाचा फोटो काढला की संपूर्ण उत्तर पायऱ्यांसह हजर. वडिलांनी ते लगेच काढून टाकायला लावले. त्यांची भीती निराधार नव्हती. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतील जवळपास एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, गणिताच्या सरावासाठी चॅटजीपीटीसारखे साधन मुक्तपणे वापरणाऱ्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, पण साधन काढून घेतल्यानंतरच्या परीक्षेत ते, ज्यांना असे साधन मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. त्याच प्रयोगात उत्तर न देता फक्त इशारे देणारे साधन वापरणाऱ्यांचे हे नुकसान बहुतांशी टळले. हे समोर ठेवल्यावर वडील आणि मुलगी यांच्यात एक तडजोड झाली: ॲप राहील, पण समासातले वाक्य लिहून झाल्यावरच उघडायचे आणि ‘उत्तर सांगू नकोस, पुढचा फक्त एक इशारा दे’ असेच विचारायचे.

या तडजोडीच्या बोलण्यातच आणखी एक गोष्ट पुढे आली. मुलगी म्हणाली, “बाबापण ॲपसारखंच करतात. मी थांबले की लगेच सांगून टाकतात.” वडील क्षणभर गप्प झाले. कामावरून थकून आल्यावर मुलीला ताटकळत ठेवणे त्यांना क्रूरपणाचे वाटे, म्हणून ते चटकन उत्तर सांगत. मला त्यात प्रेमच दिसले, परंतु मुलाला अडलेले पाहवत नाही ही मोठ्यांची अधीरता यंत्रांच्याही आधीची आहे आणि यंत्रांनी ती अधिक सोयीची केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक मुलाची गोष्ट इतकी सरळ नसते, हेही सांगायला हवे. मूल झोप, खेळ, मित्र आणि जेवण सोडून पडद्याला चिकटून राहत असेल, नुकसान दिसत असूनही त्याला थांबता येत नसेल, किंवा पडद्याआड ते उदासी, भीती, शाळेतला छळ लपवत असेल, तर वहीच्या समासाने काम भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदवलेला आहे आणि त्याच्या निदानासाठी साधारणपणे किमान १२ महिने टिकलेली, दैनंदिन जीवन विस्कटणारी वर्तणूक पाहिली जाते. अशी शंका असेल तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबवू नये. त्याउलट, आपले मूल अभ्यासाचे व्हिडिओ पाहते आणि परीक्षेत अडते, एवढ्यावरून त्याला व्यसनी ठरवणे अन्यायाचे आहे.

या मुलीला वार्षिक परीक्षेत गणितात वर्गाच्या सरासरीइतके गुण मिळाले. आईला ते पुरेसे वाटले, वडिलांना नाही. मुलीने मात्र उत्तरपत्रिका आणून मला एक उदाहरण दाखवले, ज्यात तिची पहिली वाट चुकली होती, तिने ती एका तिरक्या रेषेने खोडली होती आणि खाली दुसऱ्या वाटेने ते पूर्ण केले होते. विज्ञानात अजून बरेच काम बाकी आहे, कारण तिथे व्याख्या पाहून पाठ करण्याची सवय सुटलेली नाही. दहावीच्या वर्षात टॅब ठेवायचा की नाही यावर घरात अजून एकमत झालेले नाही, आणि पुढच्या भेटीचा विषय तोच आहे.