म्हातारा लॅपटॉप, मेलेलं लॉक आणि न निघणारं अ‍ॅप

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६ चा आहे, मुलाने घेऊन दिलेला. विंडोज १० आहे. आता सारखं स्क्रीनवर येतं की सपोर्ट संपला. एमजी रोडला एका दुकानात दाखवला तर तो म्हणे काका, याच्यात ११ जाणारच नाही, भंगारात द्या, नवीन घ्या. अहो पण चालतोय की व्यवस्थित, जरा हळू आहे इतकंच. मी त्यावर बँकेचं बघतो, कीर्तनं ऐकतो, सोसायटीची पत्रं टाइप करतो. टाकून देऊ का?
— प्रेसमधून निवृत्त, जेल रोड

उत्तर : काका, अजिबात टाकू नका. दुकानदार अर्धं खरं बोलला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि आठवी पिढी बाजारात आलीच २०१७ मध्ये, म्हणजे तुमचा लॅपटॉप एका वर्षाने चुकला म्हणा. पण बिघडलं काय त्यात? कीबोर्ड तोच, स्क्रीन तीच. ज्याच्या हातात अपडेट देणं होतं त्याने हात वर केले, एवढंच झालंय. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत आहे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, पण ते म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

तुमची जी तीन कामं आहेत ना, ती लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमवर, आरामात होतात. लिनक्स मिंट घ्या, त्यातही एक्सएफसीई वाली आवृत्ती, ती हलकी आहे, ४ जीबी रॅमवर छान चालते आणि २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. घाई मात्र करू नका. आधी सगळे फोटो, पत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून समाधान मानू नका (मी एकदा मानलं होतं, बायको अजून ते लग्नाचे फोटो काढते बोलण्यात). मग नातवाला सांगून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट टाकून घ्या आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून चालू करा. इन्स्टॉल न करता ते तसंच चालतं, तुमच्या विंडोजला हात लागत नाही. दोन दिवस असंच वापरा, वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, बँकेची साइट उघडते का, सगळं बघा. पेन ड्राइव्हवरून हळू वाटेल, त्यावरून मत बनवू नका. पटलं तरच इन्स्टॉल, आणि त्याच वेळी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवा, तुमचा 'जरा हळू' तिथेच जाईल.

एक अडचण आधीच सांगतो. सोसायटीच्या हिशोबाची एक्सेल फाइल असेल आणि कुणी त्यात मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना वगैरे टाकल्या असतील, तर लिबरऑफिसमध्ये (मिंटमधल्या ऑफिसमध्ये) ती रुसू शकते. साधी पत्रं उघडतात, क्वचित फॉन्ट बदलल्यामुळे एखादी ओळ पुढच्या पानावर जाते. आणि सोसायटीचं जीएसटी, डिजिटल सहीचं टोकन असलं काम तुमच्या गळ्यात असेल तर ते दुसऱ्याच्या मशिनवर ढकला, टोकनच्या ड्रायव्हरशी कुस्ती खेळण्याचं तुमचं वय नाही.

प्रश्न : आमच्या मॅडम सारखं म्हणतात फ्री सॉफ्टवेअर वापरा. मी म्हटलं वापरतेच की, माझ्या लॅपटॉपवर सगळं क्रॅक केलेलंच आहे, पैसे न देता कुलूप फोडलेलं. अख्खा वर्ग हसला. माझं चुकलं काय?
— बीसीएस दुसरं वर्ष, गंगापूर रोड

उत्तर : चुकलं इंग्रजीचं, तुझं थोडंसंच. त्या भाषेत फुकट आणि मुक्त दोन्हीला 'फ्री' हा एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन आहेत. मॅडमचं फ्री म्हणजे मुक्त. आणि तू तर नाशिकची, आपल्या गावात मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. तिथे फी भरावीच लागते, तरी ते मुक्त. गंमत म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचं जीपीएल नावाचं जे लायसन्स मॅडम शिकवतील त्याची पहिली आवृत्तीसुद्धा १९८९ चीच.

भानगड सुरू झाली ती प्रिंटरवरून. १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन काम करायचा. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांच्या हातात होता, तर त्यांनी त्यात बदल करून ठेवला होता, कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांना निरोप जायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, झकास, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे वाचता-बदलता येईल असा मूळ प्रोग्राम, काही मिळाला नाही. दुसऱ्या विद्यापीठात एकाकडे कोड आहे कळल्यावर हा गेला मागायला, तर तो म्हणाला मी न देण्याचं वचन देऊन बसलोय. म्हणजे कागद अडकणार यांचा, फेऱ्या मारणार हे, आणि दुरुस्त करायची परवानगी तिसऱ्याची. १९८३ मध्ये स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअर बनवण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यातून पुढे चार हक्क ठरले, मोजणी शून्यापासून. हव्या त्या कामाला चालवा, आतलं वाचून बदला, प्रत दुसऱ्याला द्या, बदललेली प्रतही द्या.

आता तुझं क्रॅक बघ. पैसे वाचले, पण आत काय चाललंय ते तुला दिसतं का? नाही. बदलता येतं? नाही. मूळ कंपनीचं ऐकत होतं ते आता क्रॅक करणाऱ्याचंही ऐकतंय, म्हणजे एकाच्या जागी दोन मालक केलेस, आणि दुसरा कोण आहे ते माहीतही नाही. आधी ते काढ, पासवर्ड बदल, मग पुढचं.

प्रश्न : आमचा लग्नपत्रिका आणि डीटीपीचा धंदा, सासऱ्यांपासूनचा. मराठी टायपिंगचं जुनं पॅकेज होतं, त्याचं लॉक, कॉम्प्युटरला खोचायची ती छोटी चावी, मेलं. कंपनी म्हणते ते व्हर्जन बंद झालं, नवीन घ्या. वीस वर्षांच्या फायली आहेत, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. गिऱ्हाईक येतं, ताई, मोठ्या बहिणीच्या पत्रिकेतलाच मजकूर टाका म्हणतं. काय करू?
— रविवार कारंजा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं, कारण मजकूर तुमचा, बोटं तुमची, आणि कुलूप भलत्याचं. पण वाटतंय तितकं गेलेलं नाही. लॉक लागायचं ते टायपिंगला. जुनी फाइल नुसती दिसायला बहुतेक वेळा फक्त तो फॉन्ट लागतो. जुन्या मशिनच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टच्या टीटीएफ फायली शोधा आणि त्या फायली उघडण्यापुरत्या दुसऱ्या मशिनवर टाका, बराचसा काला तिथेच मराठी होईल. मग पहिलं काम, जेवढ्या महत्त्वाच्या फायली आहेत तेवढ्या पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत एम्बेड करून. मशिन बंद पडायची वाट बघू नका.

काला का होतो ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. त्या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी चित्रं बसवली होती, कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही इंग्रजीच टाइप केलंय, फॉन्ट काढला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, आणि तो नंबर कुठल्या एका पॅकेजच्या मालकीचा नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण डोळे झाकून छापायला देऊ नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलटं, तेव्हा नंतर, आता आधी. त्यामुळे 'शर्मिला' सारखं नाव, ज्यात दोन्ही एकत्र, तिथे कन्व्हर्टर हमखास धडपडतो. वऱ्हाडी, कुऱ्हाड, जोडाक्षरं, हेही एकेक तपासा. नवरीचं नाव चुकलं तर गिऱ्हाईक युनिकोडचं कौतुक ऐकून घेणार नाही.

सगळ्या वीस वर्षांचं एकदम करू नका. जी पत्रिका परत मागितली जाईल ती करा, बाकी पीडीएफ पडून राहू द्या. नवीन कामासाठी मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत, मुक्ता आहे, तिरो देवनागरी मराठी आहे, त्याच्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाही. छपाईला, छापलेल्या पत्रिका विकायला चालतात, वेगळे पैसे नाहीत. इंकस्केप (चित्रं, डिझाइनसाठी) आणि स्क्रायबस (पानं लावायला) ही मुक्त सॉफ्टवेअर शिकून बघा, पण लग्नसराईत नको, चातुर्मासात शिका. कोरलड्रॉच्या जुन्या फायली लिबरऑफिस ड्रॉमध्ये काही उघडतात, मांडणी हलते, तेव्हा कोरलवालं मशिन इतक्यात काढू नका.

प्रश्न : फोन हप्त्यावर घेतला. सगळे हप्ते फिटले. फायनान्सवाल्यांचं ते लॉकचं अ‍ॅप निघत नाही, अनइन्स्टॉलचं बटणच पुसट दिसतं. मित्र म्हणतो यूट्यूबवर बघून रिसेट मार.
— सिडको

उत्तर : रिसेट मारू नको भाऊ. असं अ‍ॅप कधीकधी फोन पहिल्यांदा चालू करतानाच मालक म्हणून नोंदवलेलं असतं, रिसेटनंतर परत येऊन बसू शकतं आणि तुझा डेटा मात्र जातो. आधी सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' शोध, तिथे ते बंद होत असेल तर बंद करून मग काढून टाक. तिथेही पुसटच असेल तर तुझ्या हातात नाही, त्यांनाच त्यांच्या बाजूने सोडावं लागतं. कर्ज फिटल्याचं एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, माग, आणि त्याच ईमेलमध्ये आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) टाकून लिही की या फोनवरचं लॉक काढा. फोनवर बोलून हो हो म्हणतील, तेव्हा मागणी लेखीच कर आणि उत्तर येईपर्यंत शेवटच्या हप्त्याची पावती जपून ठेव.