बातमीवर शंका घेतली म्हणजे आजार नाकारला का?

दीर्घकालीन थकव्याचा आजार (एमई-सीएफएस) असलेल्या एका ताईंनी मला विचारलेला प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक रुग्ण विचारतात. नव्या रक्तचाचणीची वा औषधाची बातमी आली की घरचे हरखून जातात आणि ताईंनी शंका काढली, तर ‘तुलाच बरे व्हायचे नाही’ असे ऐकवतात; मग आपणच निराशावादी झालो आहोत का, अशी टोचणी त्यांना लागली होती.

त्यांच्या शंकेला इतिहासाचा आधार आहे, हे मी आधी सांगितले. २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक्सएमआरव्ही हा एचआयव्हीच्या कुळातील विषाणू सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा काहींनी एचआयव्हीवरील औषधेही सुरू केली. पुढे प्रयोगशाळेतील दूषणामुळे तो आढळत असल्याचे उघड झाले आणि २०११ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. नॉर्वेतील रिटुक्सिमॅब या औषधाचा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो. २०११ च्या छोट्या चाचणीत औषध मिळालेल्या १५ पैकी १० जणांना आणि प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली मात्रा) मिळालेल्या १५ पैकी केवळ दोघांना बरे वाटले; मात्र त्याच संशोधकांनी १५१ रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा औषधाचा लाभ दिसला नाही आणि २०१९ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्धही केले. स्वतःची आशा अशी कसाला लावणाऱ्या संशोधकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

ताई मात्र गप्प झाल्या. ‘म्हणजे हा मनाचाच खेळ आहे, असे लोक पुन्हा म्हणणार,’ असे त्या म्हणाल्या, आणि खरी भीती ही होती. एक कारण चुकीचे ठरले म्हणून कारणच नाही असे होत नाही. थोड्या श्रमानंतर, कधी दुसऱ्या दिवशी, लक्षणे बळावतात, हा त्यांचा अनुभव कोणत्याही निबंधावर अवलंबून नाही.

त्यानंतर आम्ही त्यांच्या घरी आलेली एक बातमी एकत्र वाचली. रुग्ण किती होते, दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निष्कर्ष निघाला का आणि तुलना कोणाशी केली होती, हे पाहिले. या शेवटच्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होते, कारण केवळ निरोगी व्यक्तींपासून रुग्ण वेगळे ओळखणारी चाचणी याच आजाराचे निदान करते की दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याचे परिणाम दाखवते, हे त्यातून कळत नाही. पुढच्या भेटीला ताई पतीला घेऊन आल्या; डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध वा पूरक गोळी सुरू करायची नाही आणि श्रमाची मर्यादा कोणत्याही बातमीमुळे ओलांडायची नाही, एवढे दोघांनी मिळून ठरवले.