बॅग अजून कुलपातच

मी समुपदेशक. परदेशात सेवेच्या कामासाठी गेलेली मुलं पहिल्या-दुसऱ्या महिन्यात मला फोन करतात, आणि तक्रार बहुतेक एकच असते. काम आवडतं, माणसं चांगली आहेत, पण राहायची खोली अंगावर येते. त्याला जोडूनच पुढचं वाक्य येतं, "एवढ्यानं खचलो, म्हणजे माझी लायकीच नाही का?" इकडे कोल्हापुरात, राजारामपुरीत नाहीतर मंगळवार पेठेत आईवडील घालमेलीत असतात: परत ये म्हणावं की काय?

त्यातलीच एक स्नेहल. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या गावात दहा महिने गणित शिकवायला गेलेली. आपलं घड्याळ अडीच तास पुढे. माझे रात्रीचे आठ म्हणजे तिची संध्याकाळ साडेपाचची. अंधार पडायच्या आत बोलून घ्यायचं, कारण नंतर सोलरच्या एका दिव्यावर सगळं.

अशा मुलांना मी आधी एक साधी गोष्ट विचारते: हिवताप होऊ नये म्हणून कुठली गोळी घेतोस? मेफ्लोक्विननं काहींना भयंकर स्वप्नं पडतात, जीव घाबरतो. तसं असेल तर माझ्याशी बोलून काय होणार? गोळी बदलून देणारा डॉक्टर हवा. स्नेहलची गोळी वेगळी होती.

पहिले तीन गुरुवार ती अगदी शहाण्यासारखी बोलली. "मी मॅनेज करते, मॅडम." दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, पाणी कॅनमधून, संडास अंगणापलीकडे. सगळं मुलाखतीत सांगावं तसं. चौथ्या वेळी मी सहज विचारलं, "बॅग कुठं ठेवलीयस गं?"

"कॉटखाली."

"रिकामी?"

"नाही. कुलूप आहे." मग थांबून, "एकेचाळीस दिवस झाले."

बराच वेळ नुसता पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. मग म्हणाली, "रोज रडतो मी, मॅडम."

'रडतो'! कोल्हापूरच्या मुली घरात 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. परक्यासमोर मात्र 'येते-जाते' होतं. तीन आठवडे मी एका पाहुणीशी बोलत होते. आता घरचं माणूस बोलायला लागलं होतं.

"आजोबा बोर्डिंगात सतरंजीवर झोपून शिकले. इथली पोरं कुठनं कुठनं चालत शाळेला येतात. आणि मला रात्री संडासला जायची भीती वाटते. मला जमायलाच पाहिजे!"

शाहू महाराजांनी 1901 पासून इथं बोर्डिंगं उभी केली, त्यामुळे कोल्हापुरात घरटी असा एक आजोबा असतो. सतरंजीवर झोपलेला आणि कधीही न कुरकुरलेला.

"तेच वाक्य 'च' काढून म्हण बघू."

"मला जमायला पाहिजे."

"अजून हलकं कर."

"जमलं तर... बरं होईल." आणि ती हसली. चार आठवड्यांत पहिल्यांदा.

माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. 'हवं' आणि 'हवंच' यांतला फरक सांगायला इंग्रजीत त्यांना पानं खर्चावी लागली. मराठीत तो एका अक्षरात मावतो, हे मी शिकाऊ समुपदेशकांना जरा ऐटीतच सांगते. पण त्या संध्याकाळी मीही काही शिकले. कुलूपबंद बॅग म्हणजे परतीची ओढ, असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. खोली लावणं तिला चैन वाटत होतं. सेवेला आलोय ना, मग सोसायचं! ती स्वतःला शिक्षा देत होती.

वडिलांना फोन करून आजोबांचा बोर्डिंगातला पहिला महिना विचार, एवढंच काम मी तिला दिलं. उत्तर आलं, आजोबा दोनदा गावी पळून आले होते.

म्हणून आता निघण्याआधीच सांगते. पोचल्या दिवशी बॅग रिकामी करा. खिळा ठोकायला मिळत नसेल तर दोरी बांधा, पण कपडे बाहेर लटकू देत. मच्छरदाणी उजेड आहे तोवर गादीखाली खोचा. संडासची वाट दिवसा दोन-तीनदा चालून बघा, म्हणजे रात्री पायांना ती ठाऊक असते. घरचा व्हिडिओ कॉल झोपायच्या तोंडावर नको, मन इकडेच अडकून राहतं. चटणी पुरवून खा. आणि दाराची कडी लागत नसेल तर ते मुळीच सोसू नका. संस्थेला सांगून दुरुस्त करून घ्या, त्यात कसला आलाय नाजूकपणा? दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, असं झालं तर 'रुळेल हळूहळू' म्हणत बसू नका, डॉक्टर गाठा. जगणंच नको वाटायला लागलं तर दोन दिवसही थांबू नका, आणि परत यायला लाजू नका.

स्नेहलच्या दाराशी संध्याकाळी कुणीतरी "होडी!" म्हणून हाक मारायचं. सरोवराकाठचं गाव, तिला वाटायचं नावेबद्दल काहीतरी असेल, म्हणून ती गप्प बसायची. स्वाहिलीत ती दारातली हाक. आपण "आहेस काय गं?" म्हणतो तशी. उत्तर द्यायचं, "करिबू", म्हणजे ये आत.

सातव्या गुरुवारी मागे दोरीवर तिचे कुडते दिसत होते. आम्ही बोलत असतानाच बाहेरून हाक आली.

"करिबू!" ती ओरडली, आणि मला म्हणाली, "शेजारच्या ताई आल्यात. पुढच्या गुरुवारी बोलू मॅडम, जातो आता."