घेतो की विकतो? कँटोनीजचे सहा सूर

प्रश्न : मकावच्या एका हॉटेलात, स्वयंपाकघरात नोकरी लागली आहे, म्हणून कँटोनीज शिकतो आहे. ‘माइ’ म्हणजे विकत घेणे आणि ‘माइ’ म्हणजेच विकणे, फरक फक्त सुराचा. पण पुरुषाचा आवाज मुळातच खाली, बाईचा वर. मग ऐकणाऱ्याला सूर कळतो कसा?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : कँटोनीज या हाँगकाँग-मकावकडच्या चिनी भाषेत सहा सूर आहेत: तीन सपाट (वरचा, मधला, खालचा), दोन चढते आणि एक उतरता. ‘विकत घेणे’ खालून किंचित चढतो, ‘विकणे’ खालीच सपाट राहतो.

सपाट सुरांची उंची ठरते ती बोलणाऱ्याच्या पट्टीवरून. तंबोरा नसताना कोणी एकच स्वर लावला, तर तो गंधार की पंचम हे सांगता येत नाही, इथेही तसंच. षड्जाचं काम आधीचे शब्द करतात. प्रयोगांत ध्वनिमुद्रित शब्द तोच ठेवून आधीचं वाक्य यंत्राने खाली उतरवलं, तेव्हा तोच शब्द लोकांना वरच्या सुरातला वाटला. वाक्य चढवलं की उलट. अनोळखी आवाजात सुटा शब्द ऐकवला, तर मधल्या आणि खालच्या सपाट सुरांत तिथले लोकसुद्धा चकतात.

चढत्या सुरांचं वेगळं. दोन्ही साधारण खालूनच निघतात. एक वरपर्यंत जातो, दुसरा मध्येच थांबतो. म्हणजे कान शब्दाच्या शेवटाकडे हवा. भरभर बोलण्यात नेमका तोच भाग आखडतो. हाँगकाँगमध्ये काहींच्या बोलण्यात हे दोन सूर एकमेकांत मिसळलेही आहेत, तेव्हा या जोडीवर फार जीव काढू नका.

सरावाला 3, 9, 4, 0, 5, 2 हे आकडे घ्या: साम, गउ, सेइ, लिङ्, ङ्, यी. सहाही सूर यात ओळीने येतात: वरचा सपाट, वरपर्यंत चढता, मधला सपाट, उतरता, किंचित चढता, खालचा सपाट. एका पुरुषाच्या आणि एका बाईच्या आवाजात ते मोबाईलवर भरून घ्या, क्रम बदलून ऐका आणि कोणता सूर ते लिहा. चुका कोणत्या जोडीत होतात ते दिसलं की तेवढीच जोडी पूर्ण वाक्यांत घोटा; सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका.

बोलताना आपली खोड आड येते: प्रश्न विचारताना शेवट उचलण्याची. ‘तॉङ्’ वरच्या सपाट सुरात म्हणजे सूप, खाली उतरत्या सुरात साखर. ‘साखर?’ म्हणून शेवट वर नेलात, तर चढत्या सुरातला ‘तॉङ्’ होतो, म्हणजे चघळायची गोळी. सूर आहे तिथेच ठेवा आणि शेवटी ‘आ’ किंवा ‘मा’ हे प्रश्नार्थक अव्यय जोडा.